डावा पर कातरलेला मासा

बदलापूरला नोकरी करून मी जन्मभर समुद्राची काळजी केली, हे सांगितलं की लोक अजून हसतात. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर आमचं घर. शेजारणी विचारायच्या, "अहो, तुमच्या हापिसापाशी नदी आहे ना, मग समुद्राचं काय घेऊन बसलात?" त्यांचं चुकत नव्हतं. सरकारी मत्स्य खात्याचं आमचं उपकेंद्र म्हणजे उल्हास नदीच्या काठी पत्र्याच्या दोन खोल्या, मागे एक लांबट तळं आणि बंधाऱ्याकडे जाणारी चिखलाची पायवाट. तिथून समुद्र दिसणं सोडाच, त्याचा वासही येत नसे. तरी माझी झोप उडवली ती त्यानेच.

याचं कारण पाला. झाडाचा नव्हे, मासा. रुपेरी अंगाचा, चवीला अप्रतिम आणि काट्यांनी जीव नकोसा करणारा. बंगाली त्याला हिलसा म्हणतात, उल्हासनगरचे सिंधी पल्लो म्हणतात. हा वाढतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीत चढतो. पावसाळ्यात नदी तांबडी होऊन फुगली की खाडीतून वर निघायचा, ते कल्याण, मोहने करत थेट बदलापूरच्या बंधाऱ्याला येऊन थडकायचा. पिल्लं काही महिने गोड्या पाण्यात राहतात, बोटाएवढी झाली की खाडीवाटे समुद्रात उतरतात आणि जी वाचतात ती दोन-तीन पावसाळ्यांनी परत येतात. किती आले, केव्हा आले, कसे आले, हे टिपून ठेवणं माझं काम. थोडक्यात, सरकार मला वाट पाहण्याचा पगार द्यायचं.

नोकरीला लागले तेव्हा सगळ्यांसारखी माझीही समजूत होती की पाला कमी झाला तो नदी बिघडल्यामुळे. खोटं नव्हतंच ते. आम्ही ठिकठिकाणी पाणी तपासत असू. बाटलीत पाणी भरायचं, त्यात दोन औषधांचे थेंब सोडायचे. गाळ तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. उल्हासनगरच्या खाली बाटलीत पांढरा गाळ बसताना पाहिला की मी पुन्हा एकदा बाटली भरून बघायची. दहा वर्षं झाली तरी सवय झाली नाही.

पण हिशेब काही जुळेना. एखाद्या वर्षी नदीची पार दैना असताना बंधाऱ्याखाली पाले बऱ्यापैकी यायचे, आणि पाऊस झकास, पाणी वाहतं अशा वर्षी चिटपाखरू फिरकायचं नाही. मग मी खवले बघायला लागले. पाल्याच्या खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात. भिंगाखाली धरलं की मासा कधी पोटभर जेवला, कधी उपाशी राहिला ते दिसतं. परत आलेल्या जवळजवळ प्रत्येक माशाच्या खवल्यावर समुद्रातले पहिले दिवस ऐसपैस, रुंद उमटलेले असायचे. पहिल्या दिवसांत उपाशी राहिलेल्यांचे खवले मला मिळतच नसत. ते उघडच परत येत नव्हते.

म्हणजे नदीतून सुखरूप बाहेर पडलेल्या पिल्लाचं मरण-जगणं ठरायचं खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्यालगत, पहिल्या काही आठवड्यांत. तिथे त्या वेळी खायला असलं तर ते वाढायचं, वाढलं तर मोठ्या माशांच्या तोंडून निसटायचं. नसलं तर संपलं. आणि तिथलं मला काहीच माहीत नव्हतं. खात्याने मला होडी दिली नव्हती. दिली होती ती एक सायकल.

ती अडचण ताराबाईने सोडवली. ताराबाई वसईकडची कोळीण, उल्हासनगर कॅम्प पाचच्या बाजारात बसायची. रोज पहाटे किनाऱ्यावरची ताजी खबर टोपलीत घालून आणावी तशी तिची मासळी. तिच्याकडे जवळा असायचा, ती बारीक गुलाबी कोळंबी, जिच्यावर किनाऱ्यावरची सगळी पिल्लावळ पोसते. एकदा मी सहज विचारलं, "ताराबाई, आज जवळा नाही?"

"नाय गो बाय. वारा पडलाय, दर्या तापलाय. पानी कसा निवल झालाय. निवल पान्यात काय गावनार?"

"आणि केव्हा येईल?"

"उत्तरेचा वारा सुटला, दर्या ढवलला, खालचा गार पानी वर आला, का जवला येल. जवल्याच्या मागं मग सगली येतान."

मी घरी येऊन एका शंभर पानी वहीत ते लिहिलं. त्यानंतर दर आठवड्याला लिहीत गेले. रेलचेल, बेताचा, नाही; एवढे तीनच शब्द. सात-आठ वर्षांनी ती वही आणि पाल्यांची नोंद शेजारी ठेवली, आणि पहिल्या पानापासून पुन्हा ताडून पाहिली. पिल्लं समुद्रात उतरली त्या हिवाळ्यात ताराबाईच्या टोपलीत जवळा असेल, तर दोन-तीन वर्षांनी बंधाऱ्याखाली पाला असायचा. नसेल, तर नसायचा.

आमच्या साहेबांना वही दाखवली. ते माणूस चांगले, पण प्रत्येक गोष्टीचा विनोद करायची खोड. म्हणाले, "बाई, कोळणीच्या टोपलीवरून समुद्राचं भविष्य? उद्या मी वर काय लिहू, बोंबलाला विचारून कळवतो?" हशा झाला. मीही हसले आणि वही पिशवीत टाकली. पण ते हसणं मला लागलं, आणि लागलेलं मी विसरत नाही. हा माझा दोष पुढे नडला.

बाजारात ताराबाईची वाट बघणारं आणखी एक गिऱ्हाईक होतं. दादा टहलराम. कॅम्प पाचमध्ये त्यांचं कापडाचं दुकान, ते आता मुलगा बघायचा. पावसाळा लागला की हे सत्तरीचे गृहस्थ छत्री घेऊन बाजारात, तिथे पाला नसला तर आमच्या उपकेंद्रात हजर. "अदी, पल्लो आयो?" अदी म्हणजे ताई. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण त्यांना मी अदीच. आला नाही म्हटलं की बसायचे, चहा प्यायचे आणि फाळणीत मागे राहिलेल्या सिंधू नदीतल्या पल्लोची गोष्ट सांगायचे. "हमारे वहाँ पल्लो पीर को सलाम करने धार के सामने चढ़ता है, अदी. जितना चढ़ेगा उतना मीठा होगा. यहाँ का पल्लो थोड़ा फीका है. लेकिन है तो पल्लो ना."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचं एक वर्ष. त्या पावसाळ्यात बंधाऱ्याखाली भरल्या पोटाची एकच मादी मिळाली. आमच्याकडे हंगामी कामाला असलेले गोमाकाका, खरवईचे शेतकरी, नदीची नस न् नस ठाऊक असलेला माणूस, त्यांनी ती जाळ्यात धरली. सोबत दोन नर. एरवी आम्ही नोंद करून सोडून देत असू. पण बंधारा चढून ती जाणार नव्हती आणि खाली त्या वर्षी पाणी वाईट होतं. मी ठरवलं, अंडी आपण काढायची.

काठावरच काम केलं. ओल्या फडक्यात मादी धरून पोटावरून अंगठा फिरवला की अंडी इनॅमलच्या परातीत उतरतात. त्यावर नराचं रेत पिळायचं आणि कोंबडीच्या पिसाने हलक्या हाताने ढवळायचं. हात लावायचा नाही, अंडी चिरडतात. गोमाकाका पीस फिरवत होते आणि मी परात धरून होते. दुसऱ्या दिवशी नदीत बांधलेल्या कापडी झोळीत डोळ्याला जेमतेम दिसणारी हालचाल सुरू झाली. मग तळं, मग खाणं, मग मरणं. रोज मरायची. पण हिवाळ्यात तळ्यात काही शे बोटुकली उरली, बोटाएवढी, चकचकीत. त्या वर्षीची नदीतली बाकी पिल्लावळ बहुधा संपलीच होती. पाल्याचं आमच्या नदीतलं पुढचं सगळं त्या तळ्यात होतं.

साहेब खूश. जानेवारीत कोणी पाहुणे येणार होते, त्यांच्या हस्ते बोटुकली खाडीत सोडायचं ठरलं. तारीख पडली, मांडव सांगितला. आणि माझ्या वहीत सहा आठवडे एकच शब्द होता: नाही.

मी ताराबाईला गाठलं. सगळं सांगितलं. ती जवळजवळ ओरडलीच. "अगो, आता धाडू नको! थंडी पडली नाय, वारा नाय, दर्यान काय बी नाय. पोरांना उपाशी धाडतेस काय?"

मी साहेबांकडे गेले. वही टेबलावर ठेवली. म्हटलं, आत्ता सोडली तर मरतील, जवळा येईपर्यंत थांबू. साहेबांनी पहिल्यांदाच विनोद केला नाही. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पाहुण्यांचं मी बघतो. समजा थांबलो. तळ्यातलं पाणी उतरतंय. तळ्यात मेली तर?"

"तर माझी जबाबदारी."

"ठीक आहे. मग ठेवा सगळी. कार्यक्रम पुढे ढकलू."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. हवं ते मिळालं होतं. पण मला भीती वाटली, की उद्या तळं नासलं तर एकही उरायचं नाही. ही भीती खरी होती. आणि तिच्या आड दुसरं काहीतरी होतं, ते आज लिहिते. सगळी थांबवून पुढे परत आली असती, तरी साहेब म्हणाले असते, बाई, नशीब. माझ्या वहीला कोणी मानलं नसतं. मला पुरावा हवा होता.

मी म्हटलं, "साहेब, अर्धी ठरल्या तारखेला सोडू, अर्धी ठेवू. खुणा करू. म्हणजे परत आली की कळेल."

साहेबांचा चेहरा उजळला. "वा! हा खरा प्रयोग."

माशाच्या पोटाखाली दोन पर असतात, पोहायचे पंख. आधी जाणाऱ्यांचा डावा कातरायचा, मागून जाणाऱ्यांचा उजवा. पाल्याची बोटुकली फार नाजूक, नुसता हात लागला तरी खवले गळतात. म्हणून सावलीत, पाण्याच्या टबातच, ओल्या मलमलीवर धरून बारीक कात्रीने. दोन दिवस आम्ही तेच करत होतो. गोमाकाका मासा धरायचे, मी कातरायची.

मध्येच ते म्हणाले, "मॅडम, ताराबाय सांगत्ये ना, दर्यान खायला नाय?"

"हो."

"तुमची वही पन त्याच सांगत्ये?"

"हो."

"मंग ही अर्धी कशाला धाडायची?"

"प्रयोग आहे, काका. त्याशिवाय वर कोणी ऐकत नाही."

काकांनी टबातला पुढचा मासा धरला. "डाव्यान कोनाला घालाचा आन उजव्यान कोनाला, त्या कोन ठरवनार?"

"जसं हाताला येईल तसं."

त्यांनी तो मासा माझ्या कात्रीपुढे केला. मला त्यांचा राग आला. माणूस आपल्यावर बरोबर बोट ठेवतो तेव्हा येतो तसला राग.

ठरल्या दिवशी प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टेंपोत घालून, उल्हासनगरचं वाईट पाणी चुकवून, आम्ही थेट खाडीच्या तोंडाशी नेल्या. पिशवीत थोडं थोडं खारं पाणी मिसळत तासभर बसलो, एकदम सोडली तर धक्का बसतो. मग पाहुण्यांनी पिशवी कलती केली, टाळ्या झाल्या. बोटुकली क्षणभर एकत्र चमकली आणि दिसेनाशी झाली. पाणी अगदी निवळ होतं. इतकं निवळ की तळाची वाळू दिसत होती. पाहुणे म्हणाले, "काय स्वच्छ पाणी आहे!" मी रिकाम्या पिशव्या गोळा करायला लागले.

पुढचे दिवस मी तळ्याच्या काठी काढले. पाणी उतरत होतं. राहिलेली बोटुकली खालच्या अंगाच्या भिंतीला तोंडं लावून दिवसभर एकाच दिशेने फिरायची. जायची वेळ झाली की ती असं करतात. उजाडता उजाडता मी प्राणवायू तपासायची बाटली धरायची आणि गाळ तपकिरी होईपर्यंत देवाचं नाव घ्यायची. घरी जेवताना लक्ष नाही, बोलताना लक्ष नाही. माझे यजमान म्हणाले, "इतकी काळजी तू आपल्या मुलाच्या दहावीची केली नव्हतीस." एका सकाळी गाळ फिक्कट आला. गोमाकाका आणि मी बादल्यांनी पाणी उंचावरून ओतत दुपारपर्यंत उभे होतो. त्या दिवशी वीसेक गेली, बाकी तगली.

शिमग्याच्या अगोदर एकदाचा वारा फिरला. मी कॅम्प पाचच्या बाजारात शिरले तेव्हा ताराबाई लांबूनच हात करत होती. "आला गो बाय, जवला आला! होड्या भरभरून!" मी तिथेच टोपलीपाशी बसून रडले. दुसऱ्या दिवशी उजवी सगळी सोडली. या वेळी ना मांडव, ना पाहुणे. पाणी गढूळ हिरवं होतं.

आणि मग काय, वाट. पाल्याच्या कामात सगळ्यात वाईट तेच. चूक आज करायची आणि ती चूक होती की नाही हे तिसऱ्या पावसाळ्यात कळायचं. मधल्या काळात मी नदीवरच्या सगळ्या जाळेवाल्यांना सांगून ठेवलं. दादा टहलरामांनाही सांगितलं, कारण उल्हासनगरात विकला जाणारा एकही पाला त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "दादा, पोटाखालचा डावा किंवा उजवा पर कातरलेला दिसला तर मला दाखवा." त्यांना भलताच मान वाटला. "सरकारी काम है, अदी. करेंगे."

पहिला पावसाळा काहीच नाही. दुसरा नाही. तिसऱ्यात, श्रावण लागता लागता, दादा भर पावसात रिक्षाने उपकेंद्रात आले. छत्री विसरलेले, कागदात गुंडाळलेला मासा छातीशी धरलेला. "अदी! उजवा! उजवा आयो!"

उजवाच होता. पोटात अंड्यांची गाभोळी भरलेली. खवला भिंगाखाली धरला तर पहिलं वर्तुळ असं रुंद, की बघत राहावं. त्या हंगामात असे आणखी थोडे मिळाले, बाजारातून आणि बंधाऱ्याखालून. सगळे उजवे. डावा एकही नाही. पुढच्या वर्षी दोन-चार उजवे. डावा नाही.

साहेबांनी अहवाल वर पाठवला. माझी वही पहिल्यांदा कोणाच्या तरी टेबलावर सरळ ठेवली गेली, आणि सोडायची वेळ किनाऱ्यावरचं खाद्य पाहून ठरवावी असा कागद निघाला. मला कौतुकाचं पत्र मिळालं. गोमाकाकांना दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, "चांगला झाला," म्हणाले आणि जाळं सुकवायला गेले. तो कागद निघाला तेव्हा सोडायला आमच्याकडे बोटुकली नव्हती, भरल्या पोटाची जिवंत मादीच मिळेना. नदी दर वर्षी थोडी जास्त काळी होत गेली. अर्धी मी तेव्हा घालवली नसती तर दोन्ही अर्धी मिळून चार माद्या जास्त आल्या असत्या का, हा विचार मी निवृत्त झाल्यावरही करते.

दादा टहलराम मात्र शोधत राहिले. त्यांच्या लेखी काम अर्धंच झालं होतं. पावसाळा आला की बाजारात जायचे, ताराबाईच्या टोपलीतला प्रत्येक पाला उलटा करून बघायचे. पुढे डोळ्यांनी दगा दिला तेव्हा अंगठ्याने पोट चाचपायचे. ताराबाई करवादायची, "दादा, मासा घेताव का नाडी बघताव?" भेटले की मला म्हणायचे, "डावावाला नहीं मिला, अदी. मिल जायेगा." मी म्हणायचे, "हो, दादा."

नव्वदच्या दशकात मधे केव्हातरी, त्यांना मी शेवटचं पाहिलं तेही बाजारातच. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले होते. त्या दिवशी टोपलीत एकच पाला होता. त्यांनी तो चाचपला, दोन्ही पर शाबूत. थकून ताराबाईच्या पाटावर बसले आणि म्हणाले, "अदी, ताराबाई बोलती है, वो पहलेवाले बच्चों को दर्या में खाना ही नहीं मिला. बेचारे. उनका नसीब." मग माझी समजूत घालावी तसा माझ्या हातावर हात ठेवला. "आप दिल को मत लगाओ. आपको थोड़े ही मालूम था. मालूम होता तो आप भेजतीं क्या?"

मी म्हटलं, "नाही, दादा. कशी पाठवीन?"

खवले काढता काढता ताराबाईचा हात थांबला. तिने वर माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून पुन्हा खवले काढायला लागली.